सर्दीची गोळी झोपेसाठी घ्यावी का?

प्रश्न : माझे बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेत. धुळीची ॲलर्जी जुनीच. सकाळी उठले की शिंकांवर शिंका. रात्री जेवण झालं की एव्हिलची गोळी घेतात, तीही कित्येक वर्षं. हल्ली शिंका नसल्या तरी घेतात, 'त्याशिवाय डोळा लागत नाही' म्हणतात. सकाळी उशिरापर्यंत पेंगत असतात, तोंड कोरडं पडतं, रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. शेजारच्या काकांनी झोप न आणणारी नवी गोळी सुचवली आहे. ती दिली तर बाबांना झोप लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्या गोळीने झोप लागणार नाही, आणि ती झोपेसाठी नाहीच. पण मला जास्त काळजी वाटते ती तुम्ही ओघात लिहिलेल्या लघवीची.

एव्हिलमधलं फेनिरामाइन हे जुन्या पिढीतलं औषध. ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनामुळे शिंका येतात, पण मेंदूला जागं ठेवण्याचं कामही तेच करतं. जुनी औषधं मेंदूत शिरतात आणि तिथलं हिस्टामिनही अडवतात, म्हणून गुंगी येते. रोज घेतल्यास ही गुंगी थोड्याच दिवसांत अंगवळणी पडते, झोपेचा फायदा ओसरतो. बाकीचा त्रास मात्र राहतो : कोरडं तोंड, बद्धकोष्ठता, विसराळूपणा, आणि मूत्राशयाची आकुंचनाची ताकद कमी होणं. या वयात प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून लघवीची वाट अरुंद झालेली असण्याची शक्यता मोठी. मग मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, थोड्या वेळात पुन्हा उठावं लागतं. म्हणजे झोपेसाठी घेतलेली गोळीच बाबांना उठवत असू शकते, तेही गुंगीत, अंधारात. अशा वेळी पडून खुब्याचं हाड मोडलेले किती आजोबा मी पाहिलेत! साठी-पासष्टीनंतर हे औषध झोपेसाठी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नवी औषधं मेंदूत फारशी जात नाहीत. सेटिरिझिन नव्यातलंच, पण काहींना त्यानेही पेंग येते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. बाबांसाठी मी फेक्सोफेनाडिनचा विचार आधी करेन. ते साध्या पाण्याबरोबर घ्यायचं; संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही.

पण वर्षभर नाक त्रास देत असेल तर गोळीपेक्षा नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे जास्त गुणकारी. स्टिरॉइड म्हटलं की घरातले घाबरतात, पण याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या दिशेला. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बहुतेक जण त्याआधीच 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात.

एव्हिल बंद केल्यावर काही रात्री झोप उडेल, बाबांना हे आधीच सांगून ठेवा. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळनंतर चहा नको, आणि उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. तरीही झोप येत नसेल तर झोपेचं वेगळं निदान करून घ्या. घोरणं, पायांची अस्वस्थता, मनाची उदासी, कारण काहीही असू शकतं.

घरातल्या इतर पाकिटांवरचं बारीक अक्षरही वाचा. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत आणि खोकल्याच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन असतं. ते एव्हिलच्याच जातीचं, म्हणजे दोन्ही घेतली तर डबल डोस. डॉक्टरांनी मॉन्टेल्युकास्ट हे ॲलर्जीवरचं दुसरं औषध एकत्र असलेली गोळी दिली, तर मॉन्टेल्युकास्टने काहींची झोप बिघडते, वाईट स्वप्नं पडतात, मन अस्वस्थ होतं, हे लक्षात ठेवा; अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याबद्दलचा इशारा अधिक कडक केला आहे.

याच आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे न्या, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत पाहायला सांगा. लघवी अडली, किंवा बाबा असंबद्ध बोलू लागले, तर मात्र रात्र असली तरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.