ट्रीटमेंट संपली, आता पुढे काय

अगं, शेवटचं रेडिएशन झालं की सगळे म्हणतात सुटलीस बाई, आणि तुला मात्र जिना चढताना दम लागतोय, हे होतंच, माझा थकवा जायला वर्ष लागलं. ब्रेस्ट कॅन्सरला मला आता 12 वर्षं झाली, सुरुवातीला लागतं तेवढंच सांगते.

1) थकवा आहे म्हणून पडून राहू नकोस. रोज दहा मिनिटं चाल, हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत ने.

2) काखेतल्या गाठी काढल्यात ना, मग त्या हाताकडे लक्ष ठेव. माझी बांगडी घट्ट व्हायला लागली तेव्हा मला वाटलं वजन वाढलं, तीन महिने तसेच काढले, आणि ती निघाली लिम्फेडिमाची, म्हणजे हातात पाणी साचून येणारी सूज. लवकर फिजिओकडे गेलं की हातावर घालायची घट्ट स्लीव्ह, मसाज, व्यायाम यांनी आटोक्यात राहते.

3) टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली हार्मोनवरची गोळी, मनाने बंद करू नकोस!! 5 वर्षं, कधीकधी 10 वर्षं घ्यावी लागते, अंगातून वाफा निघतात, रात्री झोपमोड होते, पण डॉक्टरांना सांग, उपाय असतात.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, आधीचा आठवडा जीव टांगणीला लागतो, मला अजूनही. रिपोर्ट आणायला एकटी जाऊ नकोस. हाडांची तपासणी वगैरे नंतर बोलू, आत्ता नको.