दिवेलागणीला घरात शिरणारा माणूस

"तुरुंगातून सुटून आलेत, पण घरातच बसून असतात. लाजेने बाहेर पडत नाहीत. काय करू, मॅडम?"

समुपदेशनाच्या कामात गेल्या काही वर्षांत हे मी इतक्या बायकांच्या आणि आयांच्या तोंडून ऐकलंय, की फोनवर पहिले चार शब्द आले की पुढचे मीच म्हणू शकते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. ज्याच्याबद्दल सांगणार आहे, त्याला दत्ता म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

दत्ता रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीतला, पूर्वी ट्रॉलरवर खलाशी. बांधावरच्या दोन हापूसच्या कलमांवरून भावकीत भांडण पेटलं. दत्ताच्या हातात कोयती होती. चुलतभाऊ गेला. सदोष मनुष्यवधाची सात वर्षं, त्यातली बरीचशी कोल्हापूरला कळंबा तुरुंगात. मे महिन्यात तो सुटला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळेच खलाशी घरी, म्हणून दोन महिने कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ऑगस्टमध्ये नाखव्याने माणुसकीने त्याला जेटीवर बोलावलं: होडी लागली की टोपल्या उतरवायच्या, बर्फ घालायचा, लिलाव आटपेपर्यंत थांबायचं. दोन दिवस गेला. दोन्ही दिवशी साडेपाचला अर्ध्या टोपल्या तशाच टाकून घरी.

"संध्याकाळी सगळा गाव जेटीवर असतो ना," बायको मला म्हणाली. "तोंड दाखवायला नको वाटत असणार."

मलाही तसंच वाटलं. माझी मूळ तालीम विवेकनिष्ठ पद्धतीची. माणसाला प्रसंग छळत नाही, प्रसंगाबद्दल त्याने मनात धरलेला हट्ट छळतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं म्हणणं मी पुस्तकातून कमी आणि माणसांतून जास्त शिकले, आणि अजूनही त्यावर माझा विश्वास आहे. त्यामुळे चार भेटी मी 'लोक काय म्हणतील'वर घालवल्या. दत्ता मान डोलवायचा. पाचव्या भेटीला त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगता ते सगळं पटतं. पण पाच वाजले की पाय आपोआप घराकडे वळतात, त्याचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी अण्णांना बोलावलं.

अण्णा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. अकरा वर्षं आत काढून आले, आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. सुटून आलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचं, एवढंच काम ते माझ्याकडे करतात. जाण्यायेण्याच्या भाड्यापलीकडे काही घेत नाहीत. कुणी समुपदेशक म्हटलं तर चिडतात. "मी फकत सोबत," म्हणतात. यात नवीन काही नाही. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढच्याचा हात धरत आली आहेत.

अण्णांनी लाजेचा विषयच काढला नाही. चहा अर्धा झाल्यावर विचारलं, "जेवतंस किती वाजता?"

"पाचला."

"आम्ही आठला जेवतो, हे आधीच उरकतात," बायको.

"आणि रात्री दाराक कडी कोण लावता?"

दत्ता गप्प. बायकोच म्हणाली, "मीच लावते. कडीचा आवाज झाला की मग यांना झोप लागते."

अण्णा माझ्याकडे वळले. "ही लाज न्हय, मॅडम. ही बंदी."

तुरुंगात संध्याकाळचं जेवण उजेडातच मिळतं. मग गिनती, मग बराकीला कुलूप. त्यानंतर बाहेर असणं म्हणजे गुन्हा. सात वर्षांच्या अडीच हजार संध्याकाळी हेच झालं. दत्ताच्या शरीराने ते घड्याळ गिळलं होतं आणि सुटकेच्या कागदावर त्याचा कुठे उल्लेख नव्हता. आमच्या रत्नागिरीत थिबा पॉईंटवर लोक मुद्दाम सूर्यास्त बघायला जातात. ब्रह्मदेशाचा थिबा राजा स्वतः तीस वर्षं इथे कैदेत होता हे तिथे फोटो काढताना कुणाला आठवत नाही. दत्ताला सूर्यास्त म्हणजे कुलूप.

त्या रात्री मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले. किती जणांच्या नावापुढे मी 'अपराधीपणा' लिहून ठेवलं होतं! त्यातल्या किती जणांना फक्त पाच वाजत असतील? माझ्या डोळ्यांवर चष्मा विचारांचा, त्यातून सगळं विचारांचंच दुखणं दिसतं. चूक माझी होती. पण अण्णांना बोलावण्याची बुद्धी झाली, हेही काही कमी नाही असं मी स्वतःला सांगते.

पुढचं मला दत्तानेच सांगितलं. अण्णा त्याला जेटीवर घेऊन गेले, कामाला नाही, नुसतं बसायला. साडेपाचला दत्ताला घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि तो नकळत उकिडवा बसला. आत गिनतीला दोघादोघांच्या जोडीने तसंच बसवतात. अण्णांनी त्याला उठवलं नाही. शेजारी तसेच उकिडवे बसले. म्हणाले, "जोडी झाली. आता आपणच मोजूया." आणि दोघांनी परतणाऱ्या होड्या मोजल्या. चौदा झाल्या तेव्हा काळोख पडला होता. कुणी ओरडलं नव्हतं.

असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी दत्ताने टोपली उचलली.

मग लाज नव्हतीच का? होती. पण आता ती वेगळी काढून बघता आली. गेलेल्या भावाची आई, दत्ताची काकू, दोन घरं सोडून राहते. तिच्या दारावरून जाताना त्याची मान खाली जाते, आणि ती जायलाच हवी. "काकूने माफ केल्याशिवाय मला काम करायचा हक्क नाही," असं तो म्हणाला, तेव्हा मात्र माझी पद्धत कामाला आली. माफी मिळाली तर फार बरं. नाही मिळाली तर ते दुःख बाळगून टोपल्या उचलायच्या. पाय धरायला तिच्या घरी जायचं त्याच्या मनात होतं. अण्णांनी अडवलं: "तुझा ओझा हलका करूक तिच्या दाराक जाव नको. ती बोलवीत तेव्हा जा."

फोन करणाऱ्या घरच्यांना सांगायचं ते हे. पहिल्या आठवड्यात माणसाला प्रश्न विचारू नका, त्याचा दिवस बघा. किती वाजता जेवतो, किती वाजता अस्वस्थ होतो, दार स्वतः उघडतो की कुणी उघडायची वाट बघतो. घराची किल्ली त्याच्या हातात द्या, कडी त्याला लावू द्या. लहान मुलाला 'बाबा दुबईला होते' सांगितलं असेल तर वाडीतलं दुसरं कुणी सांगायच्या आत घरातूनच खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल इतकंच.

कागदांचं काम किरकोळ समजू नका. बंद पडलेला मोबाईल नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, आधारला मात्र तोच जुना जोडलेला असतो. ओटीपी भलत्याच माणसाला जातो, मग बँक अडते आणि रेशन अडतं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळतो, आधी ते करा. मतदार यादीत नाव बघा; तुरुंगात असताना मत देता येत नाही, सुटल्यावर देता येतं, आणि बोटावरची शाई माणसाला माझ्या दोन भेटींपेक्षा जास्त देऊन जाते. कायद्याचं काही अडलं तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, पुनर्वसनासाठी जिल्हा परिवीक्षा अधिकारी आहेत.

आणि सोबती नीट पारखून घ्या. आत जाऊन आलेला प्रत्येक जण अण्णा नसतो. जो आतल्या गोष्टी मर्दुमकी म्हणून सांगतो, उसने पैसे देतो किंवा मागतो, 'बसायला' बाटली आणतो, त्याला उंबऱ्यावरूनच नमस्कार करा.

नारळी पौर्णिमेनंतर महिनाभराने दत्ताच्या बायकोचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, तुम्ही आणि अण्णांनी काय करून ठेवलंत? रात्रीचे नऊ वाजले तरी हे जेटीवरून येत नाहीत. भाकऱ्या गार होतात. जरा सांगा ना त्यांना घरी यायला."

मी म्हटलं, "ते मात्र तुमचं तुम्हीच सांगा."