घरात कोणी राजकारणात नाही, तरी कॉलेजमधून सुरुवात करता येते का?

तुझा प्रश्न असा की एसवायबीएला आहेस, पुढे नगरसेवक व्हायचंय, घरात कोणीच राजकारणात नाही, तर मुंबई युनिव्हर्सिटी यात काही मदत करते का की सगळं सर्टिफिकेट आणि फोटोपुरतंच असतं. आणि बाबा म्हणतायत आधी डिग्री घे, या भानगडीत पडू नकोस. मी उपनगरातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, प्रोग्राम ऑफिसरही होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोयी आहेत, बऱ्याच आहेत, पण कोणी आपणहून सांगत नाही. माझी पारख एवढीच, की ज्या कामात तुला खराखुरा निर्णय घ्यावा लागतो आणि नंतर त्याबद्दल चार लोकांना उत्तर द्यावं लागतं त्या कामातून माणूस तयार होतो, बाकी रॅली, शपथ, पाहुण्यांचं भाषण यातून हजेरी भरते फक्त.

आधी स्टुडंट कौन्सिलचं बघू, कारण नेतृत्व म्हटलं की सगळे तिथेच बोट दाखवतात. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर वातावरण असं फिरलं की १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकाच गेल्या. वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी, खेळ-एनसीसी-एनएसएस वगैरेतून काही नेमलेले, आणि त्यांनी आपल्यातून सेक्रेटरी निवडायचा. हिंसा थांबली हे खरं आणि ते महत्त्वाचंच होतं, पण कित्येक बॅचेस अशा बाहेर पडल्या की ज्यांनी कोणाकडे कधी मत मागितलं नाही आणि कोणाला विचारपूर्वक मत दिलंही नाही. मार्क चांगले म्हणून पद मिळालं की वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं काय म्हणणं आहे ते ऐकायची गरजच पडत नाही गं, याचं मला फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

मग २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, त्यात थेट निवडणूक परत आली: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, सगळ्यांना कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी निवडायचं. २०१९ ला त्याप्रमाणे निवडणुका घ्यायचं जाहीरही झालं आणि मग पुढे ढकललं. माझं मत स्पष्ट आहे, निवडणुका व्हायलाच पाहिजेत. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्येच चौकट आखून दिलीय, उमेदवाराला ५,००० रुपयांपर्यंतच खर्च, ७५ टक्के हजेरी, एकही केटी म्हणजे राहिलेला विषय नको, छापील पोस्टर बंद, हाताने लिहिलेलं चालेल. एवढं नीट पाळलं तर भीती कशाची?

पण कौन्सिल कशीही बनलेली असो, एक गोष्ट फारच कमी मुलांना माहीत असते. प्रत्येक कॉलेजात कॉलेज डेव्हलपमेंट कमिटी असते, सगळे सीडीसी म्हणतात, कॉलेजचं बजेट, नवीन कोर्स, सोयीसुविधा हे सगळं तिथे येतं आणि कायद्याने कौन्सिलचे अध्यक्ष आणि सचिव तिचे मेंबर असतात. मेंबर, पाहुणे नाही. मी पाहिलंय की बऱ्याच ठिकाणी मुलं जातात, मागे बसतात, सही करतात, समोसा खातात आणि येतात, कारण अजेंडा काय असतो, आपला विषय त्यात आधी कसा टाकायचा, मिनिट्समध्ये आपलं म्हणणं नोंदवून कसं घ्यायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं. हे शिकलीस तर महापालिकेच्या सभागृहात जे चालतं त्याची अर्धी तयारी इथेच झाली.

आता एनएसएस. १९६९ ला सुरू झालेली योजना, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं कॅम्प. खूपजण दहा ग्रेस मार्कांसाठी येतात आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही, येऊ देत, आत आल्यावर बदलतात. आमच्या युनिटची दत्तक वस्ती डोंगरउतारावर होती, वरच्या गल्ल्यांत पाणी चढायचंच नाही. पहिल्यांदा मुलांनी पथनाट्य केलं पाणी वाचवा म्हणून, तेव्हा एका आजीने विचारलं, अरे बाळांनो, येतंच नाही तर वाचवू काय? त्यावर मुलं गप्प झाली आणि खरं काम तिथून सुरू झालं. गल्लीवार वही केली, पाणी किती वाजता येतं, किती वेळ, किती हंडे भरतात, मग ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात पाणी खात्याकडे गेली. पहिल्या भेटीत साहेब भेटले नाहीत, दुसऱ्या भेटीत अर्ज द्या म्हणाले, अर्जाचा नंबर घ्यायचा असतो हे तेव्हा कळलं. पुढे उत्तर येईना म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपये फी, आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर बंधनकारक. दीडशे शब्दांत नेमकं काय मागायचं यावर मुलांची स्टाफरूमबाहेर दोन तास भांडणं चालली होती आणि मला ते बघून इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी वस्तीच्या खालच्या भागाची वेळ थोडी कमी करून वर पाणी द्यायचं ठरलं, त्यावर खालचे लोक चिडले, मग मुलांनाच दोन्हीकडच्या बायकांना एकत्र बसवावं लागलं. त्या बैठकीत पुढे झाली ती एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिला दोन्ही बाजूंच्या घरांची नावं पाठ होती, एवढीच तिची ताकद, पण लोकांनी तिचं ऐकलं.

मतदार नोंदणीचंही असंच आहे. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन, कॉलेजात शपथ होते, झालं. खरं काम फॉर्म ६, म्हणजे नवीन मतदाराचा अर्ज, भरून घेण्यात आहे. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो आणि अठरा पूर्ण झाले का हे बघायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, म्हणजे वर्षभर थांबावं लागत नाही. मुंबईत अडतं कुठे, तर पत्त्यावर, आधार गावचं, घर भाड्याचं, ॲग्रीमेंट मालक देत नाही. अशा पाच-दहा मुलांना बीएलओपर्यंत, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या बूथ लेव्हल ऑफिसरपर्यंत, नेऊन नाव यादीत येईपर्यंत पाठपुरावा कर, मतदारयादी म्हणजे काय चीज आहे ते तुला कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त कळेल.

आणि राजकारण शिकून करायची गोष्ट आहे हा विचार आपल्याच शहरात फार आधी झालाय. १९५६ च्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केलं, पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी, सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल रेगे त्याचे रजिस्ट्रार. त्याच डिसेंबरमध्ये बाबासाहेब गेले आणि काही महिन्यांत ती शाळाही बंद पडली. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची पार्लमेंटसुद्धा भरायची. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला हे शिक्षण वेगळं द्यायला हवं असं वाटलं, तर आज युनिव्हर्सिटीने ते मनावर घ्यायला काय हरकत आहे?

डिग्री मिळाल्यावर सिनेटसाठी, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अधिसभेसाठी, पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदव, हे विसरू नकोस. पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात, युनिव्हर्सिटीचं बजेट सिनेटपुढे येतं, आणि २०२४ च्या निवडणुकीला मतदार होते फक्त तेरा हजारांच्या आसपास. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली युनिव्हर्सिटी, दरवर्षी एवढे पदवीधर बाहेर पडतात आणि मतदार एवढेच. मग फीवाढ, रखडलेले निकाल यावर नंतर ओरडतो आपण.

बाबांना सांग की डिग्री आणि हे काम यात निवड करायची नाहीये, दोन्ही एकत्र होतं. महापालिकेला उभं राहायला वय २१ लागतं, २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव असतात, म्हणजे तुझ्यासारख्या मुलींची गरज आहे, आणि तिथे नवरा किंवा सासरे मागून कारभार बघणारी बाई नको, स्वतः फाईल वाचणारी बाई पाहिजे. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, त्यातलं आपल्या वॉर्डाच्या वाट्याला काय आलं हे शोधून बघ, वेबसाइटवर सगळं आहे, वाचायला किचकट आहे पण दोघी-तिघी मैत्रिणी मिळून बसलात तर जमेल. बाबांनाही बसव शेजारी, आकडे बघून त्यांनाच प्रश्न पडतील.

पक्षात आत्ताच जायचं का हे तू विचारलं नाहीस पण पुढे विचारशील. जायला हरकत नाही, फक्त सतरंज्या उचलण्याबरोबर तिथे तुला बैठकीत बोलू देतात का ते पहिल्या सहा महिन्यांत बघ, देत नसतील तर दुसरीकडे जा.

आत्ता लगेच करायचं तर कॉलेज ऑफिसात जाऊन सीडीसीवर यंदा विद्यार्थी प्रतिनिधी कोण आहेत आणि पुढची मीटिंग कधी आहे एवढं विचार. आणि कुठल्या वॉर्डात राहतेस ते कळव, तिथल्या ऑफिसात कुठलं खातं काय बघतं ते मी लिहून देते.