शाळेची इमारत आणि वसाहतीचे मैदान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विश्रामबाग परिसरातील आमच्या वसाहतीत एक मोठे मोकळे मैदान आहे. शेजारच्या अनुदानित शाळेला तेथे आठ खोल्यांची इमारत बांधायची असून, ही जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळावी असा अर्ज तिने महापालिकेकडे केला आहे. शाळा चांगली आहे, आमचीच मुले तेथे शिकतात. त्यामुळे विरोध करणे जिवावर येते. पण मैदान एकदा गेले की गेलेच. आम्ही काय करावे?
— एक रहिवासी, सांगली

उत्तर : कागदोपत्री ही जागा नेमकी काय आहे, हे आधी पाहावे; पुढचे सारे त्यावर ठरते. आपण ज्याला सरसकट ‘मैदान’ म्हणतो, ती जागा विकास आराखड्यात, म्हणजे शहरातील कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षित असू शकते, मंजूर लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशात, सोडलेली खुली जागा असू शकते, किंवा कोणतेही आरक्षण नसलेला महापालिकेचा भूखंडही असू शकतो. नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्यावा, सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढावा, आणि लेआउटची मंजूर प्रत व शाळेच्या अर्जाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. त्यासाठी १० रुपये शुल्क लागते आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

जागा आराखड्यात क्रीडांगण म्हणून आरक्षित असेल, तर केवळ ठराव करून ती शाळेच्या इमारतीसाठी देता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार फेरबदलाचा प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, बाधितांना सुनावणी द्यावी लागते आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी घ्यावी लागते. शिवाय त्या फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. हरकतीसाठी मिळणारा एक महिना हाच आपला खरा वेळ असतो, आणि बहुतेक वसाहतींच्या हातून तोच निसटतो, कारण वर्तमानपत्रातील बारीक टाइपातली नोटीस कुणी वाचत नाही. शंभर सह्यांच्या एका निवेदनाबरोबरच प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र हरकत द्यावी, सोबत नकाशा जोडावा आणि पोच घ्यावी.

लेआउटमधील खुल्या जागेचा पाया निराळा आहे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ती सोडल्यामुळेच उरलेल्या जागेवर प्लॉट पडतात आणि तिचा भार प्रत्येक प्लॉटधारकाने आपल्या प्लॉटच्या किमतीतून उचललेला असतो. अशी जागा कुणी उदार होऊन तिसऱ्याला देऊन टाकावी, हे मला मुळातच मान्य नाही.

बंगळुरूत उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हे वाटप रद्द ठरवले आणि अशा जागेसाठी दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्कही मान्य केला. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हती. शाळा तर नाहीच नाही. पण एका चांगल्या कामासाठी दुसऱ्या चांगल्या कामाची जागा परस्पर वळवता येत नाही, हे त्या निकालातून आपण घ्यावे.

आता शाळेच्या गरजेविषयी. तिच्याकडे मागील पाच वर्षांची पटसंख्या, सध्याच्या खोल्यांची संख्या आणि जुन्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. मग साधा हिशेब मांडा. एका वर्गखोलीला ५० चौरस मीटर धरले, तर आठ खोल्यांना ४०० आणि व्हरांडा-जिना धरून सुमारे ६०० चौरस मीटर लागतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एकमजली इमारत सहा गुंठे खाते, तर तळमजला अधिक दोन मजले बांधल्यास दोन गुंठ्यांत काम भागते, आणि एवढी जागा अनेकदा शाळेच्या स्वतःच्या आवारात, जुनी शेड किंवा पडकी खोली पाडून निघू शकते. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर असते. सहा गुंठ्यांत अशी चार मैदाने सहज बसतात. वर चढवण्याचा खर्च जास्त येतो हे खरे, पण तो एकदाच येतो. लहान मुले आणि अपंग विद्यार्थी यांचे वर्ग मात्र तळमजल्यावरच असावेत.

शाळेला खेळासाठी मैदान हवे असेल, तर ते जरूर द्यावे, पण करारावर. शाळेची वेळ सकाळपासून दुपारपर्यंत, नंतर मैदान सर्वांचे, असे फलकावर लिहावे. मुदत तीन वर्षांची ठेवावी. पक्के कुंपण घालू देऊ नये. कुंपण पडले की संध्याकाळी साडेपाचला शिपाई फाटकाला कुलूप लावतो, किल्ली खिशात घालून घरी जातो आणि खो-खोच्या खांबांशी रोज जमणारी मुले फाटकाबाहेर रस्त्यावर खेळू लागतात. कुलपाची ही बाब करारात पहिल्या ओळीत यावी.

सांगलीत आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा शाळांच्या खोल्यांत माणसे राहिली आणि मोकळ्या उंच जागांवर जनावरे बांधली, वाहने लावली. शामरावनगरसारख्या सखल भागात तर पूर नसतानाही पावसाचे पाणी दिवसचे दिवस साचते. आपल्या काळ्या मातीत पाणी हळू मुरते, तरी मोकळे मैदान ते काही काळ धरून ठेवते. तेथे फरशी आणि काँक्रीट आले की तेच पाणी शेजारच्या घरांत शिरते. या शहराला शाळा आणि मैदान दोन्ही एकमेकांच्या शेजारी हवीत.

प्रश्न : मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्याकडे सातवीच्या एका वर्गात साठ मुले बसतात. मैदान वाचवा म्हणणाऱ्यांना ही मुले दिसत नाहीत का?
— एक पालक, कुपवाड

उत्तर : दिसायलाच हवीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी प्रत्येक ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. साठ मुलांचा वर्ग हा त्या मुलांवरचा अन्याय आहे आणि आपला संताप योग्य आहे. मात्र याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली आणि खेळाचे मैदान या दोन्ही गोष्टी आवश्यक म्हणून नोंदवल्या आहेत. मैदानावर खोल्या बांधून एक अट पूर्ण करताना दुसरी मोडते.

आपला रोख मी वेगळीकडे वळवू इच्छितो. विकास आराखड्यात शाळांसाठीही आरक्षणे असतात. दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होऊन, म्हणजे आपोआप संपून, जागा मोकळी होते. वसाहत आणि शाळा एका मैदानासाठी भांडत असताना शाळेची हक्काची जागा अशी हातची जाऊ शकते. आपल्या प्रभागातील शाळांच्या आरक्षणांची यादी नगररचना विभागाकडून मागवा आणि ती संपादित करण्याची मागणी मैदानवाल्या रहिवाशांना सोबत घेऊन करा. जवळच्या महापालिका शाळेत पट घटून खोल्या रिकाम्या पडल्या असतील, तर त्या तात्पुरत्या भाड्याने मागता येतील. तोवर दोन सत्रांत वर्ग भरवणे गैरसोयीचे असले तरी वर्षभर निभावते.

प्रश्न : शाळेच्या बांधकामासाठी जुना वड आणि दोन कडुलिंब तोडणार आहेत, असे कळते. थांबवता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही. त्यासाठी झाडावर नोटीस लावून आणि वर्तमानपत्रात जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते आणि ते तोडण्याचे निकष अधिक कडक झाले आहेत. वडाचे वय ठरवण्यासाठी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचे लेखी मत घ्यावे, खोडाचा घेर मोजून छायाचित्रासह नोंदवावा आणि हरकतीत वडाला वळसा घालणारा इमारतीचा पर्यायी आराखडा सुचवावा.