'खाऊ' कशाला म्हणावे? फिरतीवरून येणाऱ्याच्या पिशवीतला एक शब्द

आखातात नोकरी करणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांचे यजमान कामानिमित्त महिन्यातले दहा-बारा दिवस परगावी असतात आणि येताना सहा वर्षांच्या मुलीसाठी काही ना काही घेऊन येतात, तर या आणलेल्या वस्तूला मराठीत नेमके काय म्हणावे. त्यांच्या फिलिपिनो सहकारी बाईंच्या भाषेत यासाठी 'पासालुबोंग' असा स्वतंत्र शब्द आहे. 'भेटवस्तू' म्हटले की वाढदिवस आठवतो, आणि 'खाऊ' म्हणावे, तर मागच्या खेपेस रंगीत पेन्सिली आल्या होत्या. पेन्सिलींना खाऊ कसे म्हणणार, अशी त्यांची अडचण आहे. जोडीला एक उपप्रश्नही आहे : मुलगी 'बाबांनी खूप खाऊ आणले' असे म्हणते, ते दुरुस्त करावे काय?

मुख्य प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. शब्द 'खाऊ' हाच आहे, आणि पेन्सिलींमुळे त्याला बाध येत नाही. मात्र तो का येत नाही, हे पाहण्यासाठी मराठीत देण्याघेण्याच्या शब्दांची जी मोठी वस्ती आहे तिच्यातून एक फेरी मारावी लागेल.

मराठीत दिलेल्या वस्तूचे नाव बहुधा ती वस्तू काय आहे यावरून पडत नाही; ती कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या प्रसंगी जाते, यावरून पडते. लहानाने मोठ्याला द्यायचा तो नजराणा आणि मोठ्याने लहानाला द्यायचे ते बक्षीस. दोन्हींत सोन्याची मोहरच असली तरी नावे वेगळी. लग्नामुंजीत द्यायचा तो आहेर, आणि तो कधी तरी फेडायचा असतो हे देणाराही जाणतो आणि घेणाराही. भाऊबीजेच्या तबकात पडते ती ओवाळणी. माहेराहून निघालेल्या लेकीला साडीचोळी देऊन वाटेला लावायचे ती बोळवण. शेतात नवे पीक आले, झाडाला पहिले आंबे लागले, की त्यातले थोडे शेजारीपाजारी आणि सोयऱ्यांकडे धाडायचे तो वानवळा. काही भागांत वानोळा म्हणतात. घरातून निघणाऱ्याच्या हाती वाटेसाठी बांधून द्यायची ती शिदोरी. या रांगेत एक जागा उरते, ती म्हणजे बाहेरून घरी परतणाऱ्याने घरातल्या मुलांसाठी आणायच्या वस्तूची, आणि तिथे 'खाऊ' बसलेला आहे. शिदोरी जाताना, खाऊ येताना. दोन्ही वेळी पिशवी तीच, फक्त तिची दिशा उलटी झाली, असे म्हटले तरी चालेल.

ही जागा रिकामी ठेवायची नाही, असा दंडकही आपल्याकडे जुना आहे. 'अग्निहोत्रं गृहं क्षेत्रं गर्भिणीं वृद्धबालकौ । रिक्तहस्तेन नोपेयाद् राजानं दैवतं गुरुम् ॥' असे एक सुभाषित प्रचलित आहे. राजा, देव आणि गुरू यांच्याकडे मोकळ्या हाताने जाऊ नये, हे सर्वांच्या तोंडी असते. पण त्याच यादीत घर आहे आणि बालकही आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. मराठीने या नियमाच्या उल्लंघनासाठी एक झकास वाक्प्रचार घडवला आहे. चार दिवस परगावी राहून आलेला माणूस काही न आणता दारात उभा राहिला, तर तो 'हात हलवत आला'. हातात ओझे असते तर हात हलले नसते, हे त्यातले चित्र.

आता 'खाऊ' या शब्दाच्या घडणीकडे वळू. 'खा' या धातूला 'ऊ' हा प्रत्यय लागून तो झाला आहे. हा प्रत्यय दोन तोंडांचा आहे. लढाऊ, कमाऊ, उडाऊ या शब्दांत तो क्रिया करणाऱ्याकडे बोट दाखवतो. टाकाऊ, विकाऊ, जळाऊ या शब्दांत ज्याच्यावर क्रिया घडायची आहे त्याच्याकडे दाखवतो, म्हणजे टाकाऊ वस्तू कोणाला टाकत नाही, तीच टाकली जाते. 'खाऊ'च्या वाट्याला ही दोन्ही तोंडे आली आहेत. 'लाचखाऊ' आणि 'वेळखाऊ' यांतला खाऊ हा खाणारा आहे, आणि मुलांचा खाऊ हा खाल्ला जाणारा आहे. 'खाऊ घालणे' यातला 'खाऊ' मात्र तिसराच. ते नाम नव्हे, क्रियापदाचे रूप आहे. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्यापूर्वी तो 'खाऊं घालणें' असा लिहिला जाई, त्यामुळे हा भेद निदान कागदावर डोळ्यांना दिसत असे. आज 'आई मुलांना खाऊ घालते' असे वाक्य वाचले, तर ती जेवण भरवते की चिवडा देते, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. (शुद्धलेखनाच्या सुधारणांनी काय गमावले याची यादी करायची झाली, तर हे उदाहरण मी तळाशी ठेवीन; पण ठेवीन.)

कोकणात आणि गोव्यात जत्रेहून परतताना खाजे घेतल्याशिवाय पाय निघत नाही. बेसनाच्या शेवेसारख्या कांड्या, वर गुळाचा आणि आल्याचा लेप, असा तो पदार्थ. 'खाद्य' या संस्कृत शब्दाचे प्राकृतात 'खज्ज' झाले आणि त्याचे आपल्याकडे 'खाजे' झाले; 'अद्य'चे 'अज्ज' आणि मग 'आज' व्हावे, तसेच. म्हणजे खाऊ आणि खाजे एकाच धातूची लेकरे आहेत, फक्त एक सरळ मराठीच्या घरात जन्मले आणि दुसरे प्राकृताच्या वाटेने चालत आले. खाजे हे एका पदार्थाचे नाव होऊन बसले. खाऊ मात्र कोणत्याच एका पदार्थाशी बांधला गेला नाही. साताऱ्याचे कंदी पेढे, लोणावळ्याची चिक्की, नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी, नागपूरची संत्रा बर्फी, बेळगावचा कुंदा हे सगळे पिशवीत शिरेपर्यंत आपापल्या नावाचे असतात, आणि पिशवीतून निघताना खाऊ होतात.

आणि इथेच पेन्सिलींचा प्रश्न सुटतो. मुले दारात विचारतात, 'बाबा, खाऊ काय आणलात?' त्यावर 'पेन्सिली आणल्या' हे उत्तर कोणालाही विसंगत वाटत नाही. उलट बाजूने मात्र 'हा पेन्सिलींचा खाऊ घे' असे कोणी म्हणत नाही. याचा अर्थ असा की, प्रश्नातला 'खाऊ' हा जागेचे नाव आहे आणि उत्तरातला पदार्थाचे. प्रश्न विचारताना त्या जागेत काहीही मावते. उत्तर देताना मात्र लाडू हा खाऊ असतो आणि सावंतवाडीची लाकडी फळे हे खेळणे असते, किंवा बाबा बेरकी असतील तर 'खाऊ नाही, गंमत आणली आहे' असे म्हणून पिशवीचे तोंड दाबून धरतात. 'गंमत' हा शब्दही या संदर्भात टिपून ठेवण्यासारखा आहे, कारण झाकलेल्या वस्तूला तिच्या झाकलेपणावरून दिलेले असे सुटसुटीत नाव मला अन्यत्र फारसे आढळलेले नाही. वस्तू बाहेर आली की ती गंमत राहत नाही.

एका भागाचे नाव साऱ्या व्यवहाराला देण्याची मराठीला सवयच आहे. पानसुपारीच्या समारंभात माणसे पेढेही खातात, हळदीकुंकवाला गेलेल्या बायका वाण घेऊन येतात, आणि 'चहापाण्याचे' म्हणून जे टेबलाखालून सरकवले जाते त्याचा चहाशी काही संबंध नसतो. त्याच न्यायाने पाहुणे निघताना मुलाच्या मुठीत नोट कोंबतात आणि 'खाऊसाठी असू दे' म्हणतात. त्या 'खाऊच्या पैशां'तून मुलाने चेंडू आणला तरी कोणी शब्दाचा भंग झाला असे मानत नाही. जो शब्द रोख रकमेला चालतो, तो पेन्सिलींना न चालण्याचे कारण नाही.

माझे वडील फिरतीच्या नोकरीत होते. 'फिरती' हाही आता मागे पडत चाललेला, पण मोठा नेमका शब्द आहे. 'दौरा' मंत्र्यांचा आणि साहेबांचा, फिरती कारकुनाची. त्यांच्या तपकिरी रेक्झिनच्या पिशवीला बाजूला एक कप्पा होता आणि खाऊ त्यातच असे. हातपाय धुऊन, चहा होऊन, कागदपत्रे फडताळात गेल्याखेरीज त्या कप्प्याची चेन उघडत नसे. एकदा ते रातराणीने पहाटे उतरले आणि कप्प्यातून वर्तमानपत्राच्या कागदातली शेवेची पुडी निघाली. पुडी सोडताना माझ्या थोरल्या बहिणीने कागद वाचला, तर त्यावर आमच्याच गावातल्या नाट्यगृहाची जाहिरात होती. शेव स्टँडसमोरच्या दुकानातून, पहाटे शटर वर होताच घेतलेली होती. ती खाऊन झाल्यावर बहीण म्हणाली, 'खाऊ चांगला होता, पण तिकडचा नव्हता.' मला आज त्या वाक्यात व्याख्या दिसते. नुसता खाऊ कोपऱ्यावरूनही आणता येतो. परतणाऱ्याच्या खाऊला 'तिकडचा' हे विशेषण लागते. ते न बोलताच गृहीत धरलेले असते आणि खोटे निघाले तरच उच्चारले जाते.

परभाषांनी याच वस्तूकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहिले आहे. जर्मन शब्द 'मिटब्रिंग्झेल' हा 'सोबत आणणे' या क्रियापदावरून आला आहे, म्हणजे तिथे आणण्याला महत्त्व. जपानी 'ओमियागे' ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ 'माती' आणि 'उपज' असा होतो. तिथे 'तिकडचा' असण्याला महत्त्व. पासालुबोंगच्या मुळाशी 'सालुबोंग' म्हणजे सामोरे जाऊन भेटणे आहे, आणि हे वाचून मराठी माणसाने थबकावे, कारण आपल्या 'भेट' शब्दातही भेटणे आणि भेट देणे हे दोन्ही अर्थ नांदतात. फारसीतल्या 'सोगात'ची कथा थोडी खंतावणारी आहे. मूळचा तुर्की असलेला हा शब्द इराणात आजही प्रवासाहून आणलेल्या वस्तूलाच लावतात. इस्फहानहून येणाऱ्याने 'गझ' नावाची मिठाई आणली की ती तिथली सोगात. हाच शब्द 'सौगात' होऊन हिंदीत आणि हिंदीमार्फत आपल्या लिखाणात आला, तेव्हा वाटेत त्याचा प्रवास गळून पडला, आणि आता रसिकांना संगीताची सौगात दिली जाते. तयार शब्द हाती येऊनही आपण तो वापरून बोथट केला. तसे होण्याचे एक कारण मला असे वाटते की, ती जागा खाऊने आधीच अडवलेली होती.

काही मंडळी अशा वेळी नवा शब्द घडवायला बसतात. 'प्रवासभेट' म्हटले तर प्रवासात झालेली गाठभेट वाटते. 'परतभेट' म्हटले तर वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या हातात जाताना ठेवतात ते रिटर्न गिफ्ट वाटते. 'स्मृतिचिन्ह' तर शाल-श्रीफळाशिवाय येतच नाही. अगदी लेखी आणि औपचारिक मजकुरात वस्तू खाण्याची नाही हे स्पष्ट करायचेच असेल, तर 'परगावाहून मुलांसाठी आणलेल्या वस्तू' असे सरळ लिहावे; चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

खाऊ फक्त मुलांचाच का, असाही प्रश्न निघू शकतो. वयाने नसले तरी नात्याने लहान करून घेतलेल्या कोणासाठीही तो चालतो. आजारी आजीसाठी नातू मोसंबी नेतो तेव्हा 'आजी, तुला खाऊ' म्हणतो आणि आजीला ते आवडते. तेच वाक्य सासऱ्यांना उद्देशून म्हणायला जावयाची जीभ धजत नाही. कचेऱ्यांतून मात्र अलीकडे बरोबरीच्या माणसांतही तो शिरला आहे. ऑनसाइटहून आलेला सहकारी चॉकलेटचा डबा मोकळ्या टेबलावर ठेवतो आणि 'खाऊ ठेवला आहे' असा निरोप सगळ्यांना जातो. तिथे वाटतो म्हणून 'प्रसाद' म्हटले तर चेष्टा होते आणि 'भेट' म्हटले तर जड होते. खाऊ म्हटले की चाळिशीची माणसे क्षणभर निमूटपणे मुले होतात आणि डब्याभोवती जमतात.

राहिला उपप्रश्न. 'खाऊ' पुल्लिंगी आहे आणि प्रमाण वापरात समूहवाचक म्हणून एकवचनीच चालतो, त्यामुळे पिशवीत पाच पुड्या असल्या तरी 'खूप खाऊ आणला' हेच रूढ आहे. मुलीला एवढे सांगायला हरकत नाही. पण त्याच दमात तिची एक गोष्ट बरोबर असते, तीही ऐकावी. भाऊचे भावाला, नातूचे नातवाला, विंचूचे विंचवाला होते, हे शिकलेले मूलही 'खावाचा डबा' असे कधी म्हणत नाही. ते 'खाऊचा डबा' असेच म्हणते. टाकाऊ, टिकाऊ ही विशेषणे जशी विभक्तीला दाद देत नाहीत, तशीच खाऊनेही नाम झाल्यावर आपली विशेषणपणाची सवय सोडलेली नाही, असा माझा तर्क आहे; आणि हे व्याकरण त्या सहा वर्षांच्या मुलीला कोणीही न शिकवता येते आहे.