आरोग्य उपकेंद्रात नवी पद्धत आणली की महिन्याभरात सगळं पुन्हा जुन्यावर का येतं?

बहुतेक वेळा अडचण पैशाची किंवा यंत्राची नसते, मानाची असते: नव्या पद्धतीत कोण कोणाला सांगणार हे बदलतं आणि त्यावर उघड कुणी बोलत नाही. यवतमाळकडच्या खेड्यांत आरोग्य खात्यात काम करताना हे नेहमी दिसतं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं, उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसला. तो बहुधा तरुण आणि कंत्राटी, तर एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका सिस्टर, वर्षानुवर्षं त्याच गावांतली. मग कपाटाची चावी कुणाकडे, टेबलामागची खुर्ची कुणाची, इथेच गाडी अडते. मीटिंगमध्ये सिस्टर ‘हो सर’ म्हणतात आणि परत येऊन जुनंच रजिस्टर उघडतात. त्यांचंही चुकत नाही. नव्या पद्धतीप्रमाणे मोबाइल ॲपमध्ये भरलं तरी तपासणीला आलेले साहेब रजिस्टरच मागतात. आशाताईंना तर कुणी विचारतच नाही, आणि बीपीच्या गोळ्या कोणत्या घरात डब्यात पडून आहेत हे नेमकं त्यांनाच ठाऊक! गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली; ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या १९९९ च्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तेव्हा नवं सुरू करण्याआधी सिस्टर-आशांना विचारा आणि जुनं रजिस्टर लेखी आदेशाने बंद करून घ्या. मात्र जिथे पदच रिकामं आहे किंवा मेळघाटातल्या काही गावांसारखी मोबाइलची रेंजच नाही, तिथे मानापमानाला दोष देऊ नका.