पीटर पहिला बेट १८२१ मध्येच दिसलं होतं, मग त्यावर पाय ठेवायला १९२९ का उजाडलं?

थोडक्यात सांगायचं तर बर्फ आणि कडे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून साधारण ४५० किलोमीटरवर, बेलिंग्सहाउझेन समुद्रात हे एकटं ज्वालामुखी बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम १५५ चौरस किलोमीटर, त्यातला ९५ टक्के भाग हिमनद्यांखाली. मधला सुळका मात्र सुमारे १,६४० मीटर, म्हणजे थेट समुद्रातून वर आलेलं कळसूबाईच म्हणा.

जानेवारी १८२१ मध्ये रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेनला ते दिसलं. त्याने झार पीटरचं नाव दिलं, पण तरंगत्या बर्फामुळे जहाज जवळ नेता आलं नाही. १९१० मध्ये फ्रेंच संशोधक शार्कोनेही ते लांबूनच पाहिलं. उन्हाळ्यातसुद्धा भोवती बर्फाचे तुकडे दाटलेले असतात. त्यातून वाट मिळालीच तरी समोर बर्फाची उभी भिंत. नाव लावावी अशी जागा अगदी एखाद-दुसरी, तीही खडकाळ चिंचोळी पट्टी, आणि वरून दरड किंवा बर्फ कोसळायची भीती.

अखेर २ फेब्रुवारी १९२९ रोजी ‘नॉर्वेजिया’ जहाजावरचे निल्स लार्सन आणि ओला ओल्स्टाड उतरले आणि नॉर्वेचा झेंडा रोवला. मोहिमेचा खर्च देवमाशांच्या शिकारीत गब्बर झालेल्या लार्स क्रिस्टेन्सनचा, म्हणून शिखराला नावही त्याचंच! १९३१ मध्ये नॉर्वेने बेट आपलं म्हणून जाहीर केलं. वस्ती आजही नाही. गंमत म्हणजे इथे मुद्दाम येऊन तंबू ठोकणाऱ्यांत हॅम रेडिओवाले, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून दूरदूरच्या लोकांशी संपर्क साधणारे हौशी लोक आहेत. २००६ मध्ये तर ते हेलिकॉप्टरने उतरले.